जंगलात सापडलेला तो मुलगा, ज्याच्यावरच्या प्रयोगांतून आजचं स्पेशल एज्युकेशन उभं राहिलं

साल १८००, जानेवारीचा महिना. दक्षिण फ्रान्समधल्या सँ-सर्नँ नावाच्या छोट्याशा गावात कपडे रंगवणारा एक कारागीर राहायचा. कडाक्याच्या थंडीत त्याच्या परसात कोणीतरी जमीन उकरून भाज्या खाताना दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा. अंगावर फक्त फाटक्या सदऱ्याच्या चिंध्या, सगळ्या अंगावर जखमांच्या खुणा आणि गळ्यावर एक लांबलचक आडवा व्रण. तो बोलत नव्हता. विचारलेलं त्याला कळतंय असंही वाटत नव्हतं.

आसपासच्या लोकांना हा मुलगा तसा नवीन नव्हता. दोन-तीन वर्षांपासून लाकोनच्या जंगलात एक उघडं पोर झाडावर चढताना, कंदमुळं शोधताना दिसायचं. शिकाऱ्यांनी त्याला एकदा पकडून एका विधवा बाईच्या घरी ठेवलं होतं. आठवडाभरात तो तिथूनही पळाला. या खेपेला मात्र त्याला परत जाऊ दिलं नाही.

पुढे या मुलाला व्हिक्टर असं नाव मिळालं. इतिहास त्याला आव्हेरोंचा रानटी मुलगा म्हणून ओळखतो. त्याच्या गोष्टीवर पुस्तकं आली, सिनेमा आला. पण बहुतेक ठिकाणी ती त्याला शिकवणाऱ्या डॉक्टरची गोष्ट म्हणून सांगितली जाते. विद्यार्थी म्हणून व्हिक्टरच्या वाट्याला काय आलं, हे बघायला गेलं की ती बरीच वेगळी दिसते.

तर पकडल्यानंतर मुलाला आधी अनाथाश्रमात आणि मग रोदेज शहरात नेलं. तिथे बोनातेर नावाचे धर्मगुरू होते, निसर्गशास्त्राचे शिक्षक. त्यांनी त्याची उंची मोजली, व्रण मोजले, तो काय खातो, कसा झोपतो, सगळं लिहून ठेवलं. मुलगा बटाटे विस्तवात टाकायचा आणि धगधगते असतानाच उचलून खायचा. संधी मिळाली की पळायचा, म्हणून त्याला दोरीने बांधून फिरवायचे.

बातमी पॅरिसला पोहोचली. फ्रान्समध्ये क्रांती होऊन गेली होती, नेपोलियनने नुकतीच सत्ता हातात घेतली होती. समाजाचा स्पर्श न झालेला माणूस मुळात कसा असतो, या प्रश्नावर विचारवंतांच्या पैजा लागायच्या. रूसो म्हणून गेला होता की माणूस जन्मतः चांगलाच असतो, समाज त्याला बिघडवतो. आणि आता असा एक नमुना जिवंत हाती लागला होता. मुलगा दुसऱ्या कुणाला नाही तरी तत्त्वज्ञांना हवाच होता.

ऑगस्ट १८०० मध्ये त्याला पॅरिसला आणून मूकबधिर मुलांच्या सरकारी संस्थेत ठेवलं. मुलाला बघायला झुंबड उडाली. लोकांना वाटलं होतं की राजधानीचा थाट बघून हा थक्क होईल. समोर दिसला तो एका जागी बसून पुढेमागे डोलणारा, कुणाच्या नजरेला नजर न देणारा, जवळ येणाऱ्याला चावणारा, ओरबाडणारा मुलगा. आठवड्याभरात लोकांचा उत्साह मावळला. संस्थेचे प्रमुख सिकार मूकबधिर मुलांना शिकवण्यात युरोपभर नावाजलेले होते, पण त्यांनीही हात टेकले. पुढचे काही महिने हा मुलगा संस्थेच्या आवारात जवळपास बेवारस फिरत होता.

मग त्याला तपासलं फिलिप पिनेलने. वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांच्या बेड्या काढणारा म्हणून ज्याचं नाव आजही घेतलं जातं, तोच हा पिनेल. त्याचा निष्कर्ष सरळ होता. हा मुलगा जन्मतःच मतिमंद आहे, त्यावर इलाज नाही. किंबहुना म्हणूनच आईबापांनी त्याला जंगलात सोडलं असणार.

इथे एन्ट्री होते झाँ मार्क इतार याची. वय २६, नुकताच डॉक्टर झालेला. पिनेलला तो गुरूस्थानी मानायचा, पण हे निदान त्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की मुलगा मंद नाहीये, त्याला माणसांची सोबतच मिळालेली नाही आणि ती दिली तर तो शिकेल. १८०० साल संपता संपता संस्थेत त्याची डॉक्टर म्हणून नेमणूक झाली आणि मुलगा त्याच्या ताब्यात आला. रोजच्या देखभालीसाठी मादाम गेरँ नावाच्या बाईंना नेमलं, सरकारी पगार वर्षाला १५० फ्रँक. जेवण, आंघोळ, कपडे, आजारपण, फिरायला नेणं आणि पळाला की शोधणं, सगळं गेरँबाईंकडे.

इतारने सुरुवात बरी केली होती, हे मान्य करायला हवं. मुलाला जे आवडतं ते त्याने आधी होऊ दिलं. भरपूर झोप, भरपूर जेवण, लांब फेरफटके. मुलाला वाहतं पाणी आवडायचं, वारा सुटला की तो खदखदून हसायचा. एकदा सकाळी बर्फ पडलेला दिसला तर अर्धवट कपड्यांतच बागेत धावला, बर्फात लोळला, मूठमूठ तोंडात कोंबला. चांदण्या रात्री खिडकीशी तासन् तास स्तब्ध उभा राहायचा.

या मुलाच्या संवेदनांचं गणितच वेगळं होतं. कानाशेजारी पिस्तूल झाडलं तरी दचकायचा नाही, आणि मागे कुणी अक्रोड फोडला की लगेच मान वळायची. उकळत्या पाण्यातून बटाटा हाताने काढायचा. आवाज कानात शिरतोय पण त्यातला कुठला महत्त्वाचा हे मेंदू आपल्या हिशोबाने ठरवतोय, असं काहीतरी. आजच्या भाषेत याला सेन्सरी प्रोसेसिंगमधला फरक म्हणतात आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक मुलांमध्ये तो खूपदा दिसतो. इतारने त्याचा अर्थ वेगळा लावला. त्याला वाटलं की इंद्रियं झोपलेली आहेत, ती जागी करायला हवीत. म्हणून रोज दोन-तीन तास गरम पाण्याची आंघोळ. ती मुलाला इतकी आवडली की पुढे पाण्यात आधी बोट घालून बघायचा आणि कोमट लागलं तर टबात उतरायचाच नाही.

मुलाला नाव मिळालं तेही आवाजावरूनच. बोलण्यात ओ हा स्वर आला की तो वळून बघतो, हे इतारच्या लक्षात आलं. फ्रेंच उच्चारात ज्या नावाच्या शेवटी ओ ठळक ऐकू येतो, ते त्याने निवडलं. व्हिक्टर.

त्याला न सांगता कळणाऱ्या गोष्टी मात्र खूप होत्या. बागेतल्या हातगाडीत बसून फिरायची हौस आली की कुणाचातरी दंड धरून त्याला बागेत न्यायचा, गाडीच्या मुठी त्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः आत जाऊन बसायचा. समोरचा ढिम्म उभा राहिला तर खाली उतरून गाडी थोडी स्वतः ढकलून दाखवायचा आणि पुन्हा आत बसायचा. भेटायला आलेल्या लोकांचा कंटाळा आला की त्यांची काठी, हातमोजे, टोपी आणून त्यांच्या हातात ठेवायचा आणि हळूच दाराकडे ढकलायचा. खोलीतली वस्तू जागची हलली की ती परत जागेवर ठेवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

म्हणजे संवाद होता. शब्द नव्हते.

आणि इतारला शब्दच हवे होते. इथूनच व्हिक्टरच्या शाळेची खरी गोष्ट सुरू होते.

पहिला प्रयत्न दुधावर झाला. दुधाला फ्रेंचमध्ये म्हणतात ले. इतारचा बेत असा की व्हिक्टरला दूध हवं असेल तेव्हा त्याने ले म्हणावं, मग दूध मिळेल. बरेच दिवस काही झालं नाही. मग एके दिवशी व्हिक्टरने ले म्हटलं, पण दूध वाटीत पडल्यावर! त्याने शब्द मागण्यासाठी वापरला नव्हता, दूध मिळाल्याच्या आनंदात तो बाहेर पडला होता. इतारच्या लेखी हे अपयश ठरलं. आनंद झाला म्हणून बोलणं हे बोलण्याचं एक चांगलं कारण आहे, पण अभ्यासक्रमात ते नव्हतं.

मग अक्षरं आली. एका फळ्यावर वस्तूंची चित्रं आणि त्याखाली त्या वस्तू लटकवायच्या. त्यानंतर रंगीत आकार, मग सुटी अक्षरं जुळवायची. व्हिक्टर शिकला. दूध या शब्दाची चार अक्षरं तो क्रमाने लावू लागला. तो रोज संध्याकाळी गेरँबाईंबरोबर लेमेरी नावाच्या गृहस्थांकडे जायचा, तिथे त्याला दूध मिळायचं. एकदा निघताना त्याने कुणीही न सांगता ती चार अक्षरं खिशात टाकली आणि त्यांच्या घरी पोहोचल्यावर टेबलावर लावून ठेवली. दुधाची ऑर्डरच म्हणा ना! आज न बोलणाऱ्या मुलांना चित्रांचे कार्ड देऊन मागायला शिकवतात. ती युक्ती या मुलाने १८०१ च्या आसपास आपली आपण शोधली होती.

पण जमायला लागलं की इतार पुढचा धडा आणखी अवघड करायचा. आकारांतला फरक कमी, अक्षरं जास्त. एका मर्यादेनंतर व्हिक्टर कोसळायचा. अक्षरं भिरकावायचा, चादरी चावायचा, शेकोटीतले निखारे खोलीभर फेकायचा, जमिनीवर पडून आचके द्यायचा. आजचे थेरपिस्ट याला मेल्टडाऊन म्हणतील, म्हणजे झेपेनासं झाल्यावर येणारा कडेलोट. आणि आधी काम कमी करा, आवाज कमी करा, मुलाला मोकळं सोडा म्हणतील.

इतारला वाटलं की हे नखरे आहेत. व्हिक्टरला उंचीची भीती वाटते हे त्याला माहीत होतं. वेधशाळेच्या गच्चीवर नेलं तेव्हा कठड्याजवळ मुलगा थरथर कापला होता. एक दिवस असाच कडेलोट झाल्यावर इतारने वरच्या मजल्यावरच्या खोलीची खिडकी उघडली, व्हिक्टरला कमरेला धरून बाहेर काढलं आणि डोकं खाली, समोर खोल दरी अशा अवस्थेत काही क्षण धरून ठेवलं. आत घेतलं तेव्हा पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता, अंगाला गार घाम फुटला होता. त्याला अक्षरांच्या फळ्याकडे नेलं. त्याने मुकाट्याने सगळी कार्डं गोळा केली, जागेवर लावली आणि मग अंथरुणावर पडून ढसाढसा रडला. इतारने त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

ही घटना कुणी चुगली करून बाहेर आणलेली नाही. इतारने स्वतः आपल्या अहवालात लिहिली आहे, आणि उपाय लागू पडला म्हणून लिहिली आहे.

आणखी एक धडा असाच वाया गेला, आणि तो कदाचित जास्त चटका लावणारा आहे. व्हिक्टरचे डोळे बांधून इतार वेगवेगळे आवाज करायचा आणि व्हिक्टरने बोट वर करून ते ओळखायचे. हा खेळ मुलाला प्रचंड आवडला. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायला तो स्वतःहून पुढे यायचा आणि पूर्ण वेळ हसायचा. इतका हसायचा की उत्तरं चुकायची. मग इतारने चुकलं की बोटांवर काठीने हलके फटके द्यायला सुरुवात केली. हसणं थांबलं. पण उत्तरं सुधारली नाहीत, उलट भीतीने मुलगा गोंधळू लागला. इतारला चूक कळली, त्याने फटके थांबवले. पण त्या खेळातला आनंद परत आला नाही.

दरम्यान वाचन सुरू झालं होतं. पुस्तक हा शब्द दाखवला की व्हिक्टर शेजारच्या खोलीतून पुस्तक आणायचा. एकदा इतारने त्या खोलीला कुलूप लावलं आणि समोर दुसरी पुस्तकं ठेवली. व्हिक्टरला काही सुचेना. त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे त्या खोलीतलं ते एक पुस्तक. बाकीची वेगळ्या आकाराची, वेगळ्या रंगाची, मग ती तीच वस्तू कशी? स्वमग्न मुलांच्या पालकांना हे लगेच ओळखीचं वाटेल. शाळेत येणारी गोष्ट घरी येत नाही, एका टीचरसमोर जमणारी दुसरीसमोर जमत नाही. व्हिक्टरला हे पुढे जमलं, पण वेळ लागला.

आणि जिथे त्याला कुणी शिकवलं नव्हतं तिथे तो भलताच हुशार निघायचा. खडूचा तुकडा झिजून हातात धरता येईनासा झाला, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातली एक मोडकी सळई शोधली, खडू त्यात अडकवला, दोऱ्याने बांधला. खडू धरायची पट्टी तयार. हे बघून इतार भारावून गेला होता.

त्याच इतारने एकदा अन्याय म्हणजे काय हे व्हिक्टरला कळतं का, याची परीक्षा घेतली. एके दिवशी व्हिक्टरने सगळा अभ्यास बरोबर केला होता. बक्षिसाची वाट बघत असताना इतारने त्याची पुस्तकं फेकली आणि त्याला अंधाऱ्या खोलीकडे ओढत नेलं. एरवी शिक्षा मुकाट्याने सोसणारा हा मुलगा त्या दिवशी दाराशी पाय रोवून उभा राहिला आणि इतारच्या हाताला कडकडून चावला. इतारला कोण आनंद झाला! न्यायाची जाणीव आली, मुलगा माणूस झाला. प्रयोग यशस्वी. व्हिक्टरच्या बाजूने बघितलं तर त्याने नीट अभ्यास केला होता आणि त्याला फरफटत नेलं होतं, एवढंच.

शाळा नकोशी झाली की तो पळायचा. एकदा तर साँलिसच्या जंगलापर्यंत गेला. पोलिसांनी पकडलं, ओळख पटेपर्यंत कोठडीत ठेवलं. दोनेक आठवड्यांनी गेरँबाई त्याला न्यायला आल्या. बाईंना बघताक्षणी तो आधी बेशुद्ध पडला आणि भानावर आल्यावर आनंदाने चीत्कारू लागला.

गेरँबाई या गोष्टीत कायम कोपऱ्यात राहतात. अहवाल इतारचे, नाव इतारचं. पण व्हिक्टरने जी दोन-चार बोलकी वाक्यं किंवा शब्द उचलले, त्यातला एक उद्गार, अरे देवा अशा अर्थाचा, बाईंच्या तोंडून ऐकून उचलला होता. तो त्याला कुणी शिकवला नव्हता. बाईंचे पती वारले त्या दिवशी व्हिक्टरने नेहमीसारखं त्यांचं ताट मांडलं. ते पाहून बाईंना रडू कोसळलं. व्हिक्टरने ताट उचललं, कपाटात ठेवलं आणि त्यानंतर पुन्हा कधीही मांडलं नाही. या मुलाला दुसऱ्याचं दुःख कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

१८०६ मध्ये इतारने सरकारला दुसरा अहवाल दिला. व्हिक्टरला बरेच शब्द वाचता येतात, लिहून गरजा सांगता येतात, घरकामात मदत करतो, माणसांवर जीव लावतो. पण बोलत नाही. आणि बोलत नाही म्हणून इतारने शिकवणं थांबवलं.

गंमत म्हणावी की दैव, हे सगळं घडत होतं ते मूकबधिरांच्या संस्थेत. आजूबाजूला शेकडो हात दिवसभर खुणांच्या भाषेत बोलत होते. व्हिक्टर स्वतः खुणांनीच बोलायचा. तरी पाच वर्षांत त्याला ती भाषा पद्धतशीरपणे शिकवायचं इतारच्या मनात आलं नाही. तोंडाने बोलला तरच माणूस, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

मग व्हिक्टर ऑटिस्टिक होता का? ऑटिझम हा शब्दच विसाव्या शतकातला आहे आणि लिओ कॅनरने या मुलांचं सविस्तर वर्णन केलं ते १९४३ मध्ये. त्यानंतर जुने अहवाल पुन्हा वाचले गेले. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात व्हिक्टर स्वमग्न असावा असं मांडलं. डोलणं, हात धरून नेणं, वस्तू जागच्या जागी लागणं, आवाजांची वेगळी निवड, हे सगळं जुळतं. उलट हार्लन लेन या अभ्यासकाने १९७६ मध्येच हे नाकारलं होतं. त्याच्या मते वर्षानुवर्षं एकट्याने जंगलात काढल्याचा तो परिणाम होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाचं निदान कागदावरून करणं अवघडच, पण फ्रिथ यांची बाजू जास्त वजनदार वाटते. फक्त एकटेपणामुळे आलेलं वागणं गेरँबाईंच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर बरंच पुसलं जायला हवं होतं.

इतारची साधनं मात्र पुढे गेली. त्याचा विद्यार्थी एदुआर सेगँ याने ती घेऊन मतिमंद म्हणून टाकलेल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेत जाऊन तिथे अशा शाळा उभ्या करायला मदत केली. रोममध्ये मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी इतार आणि सेगँ या दोघांचं लिखाण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं, १९०० च्या सुमारास ते विशेष मुलांवर वापरलं आणि १९०७ मध्ये सर्वसाधारण मुलांच्या बालघरात नेलं. हाताने चाचपायची अक्षरं, खाचेत बसवायचे आकार, रंग जुळवायचे तुकडे. मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, पण त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवायला घेतली होती. ताराबाईंनी ती पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. बालवाडीत लाकडी खाचेत त्रिकोण बसवणारं प्रत्येक मूल एका अर्थाने व्हिक्टरचा अभ्यास करत असतं.

१९७० मध्ये फ्रान्स्वा त्रुफोने या गोष्टीवर सिनेमा केला. त्यात इतारची भूमिका त्याने स्वतः केली.

इतार स्वतः कानाच्या विकारांचा मोठा तज्ज्ञ झाला आणि १८३८ मध्ये वारला. पहिल्या अहवालात त्याने एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. रात्री तो व्हिक्टरच्या खोलीत जायचा तेव्हा मुलगा त्याला पलंगावर बसवायचा, त्याचा हात घेऊन आपल्या डोळ्यांवर, कपाळावर, डोक्यामागे ठेवायचा आणि बराच वेळ तसाच धरून ठेवायचा. त्या वेळी धडा नसायचा.

आणि व्हिक्टर? त्याच्या असण्याने इतर मुलांना त्रास होतो असं संस्थेला वाटू लागलं. १८११ च्या सुमारास त्याला जवळच्याच फयाँतीन गल्लीतल्या एका घरात हलवलं, गेरँबाईंसह. बाईंचे १५० फ्रँक चालू राहिले. त्याच गल्लीत त्या काळात एक दुसरा व्हिक्टर लहानाचा मोठा होत होता, व्हिक्टर ह्यूगो. या घरात कुणी अक्षरांचे फळे घेऊन आलं नाही, अहवाल लिहायला कुणी आलं नाही. व्हिक्टर तिथे सतरा वर्षं राहिला आणि १८२८ मध्ये, वयाच्या चाळिशीत वारला.